थरथरणारा हात आणि कलम २२

मी बायपोलर आजाराचा रुग्ण आहे आणि काही वर्षांपासून लिथियम घेतो. मधुमेहाची गोळी कोणी लपवत नाही, मग मी ही का लपवावी?

या गोळीमुळे मी सावरलो, हे आधी सांगतो. पण तिच्यामुळे हात बारीक थरथरतात. मध्यंतरी सोबत कार्बामाझेपिन सुरू झाली, तेव्हा एकाचे दोन दिसू लागले. वर्तमानपत्राच्या ओळी एकमेकींवर चढायच्या, उतरताना पायरी कळायची नाही. एका कचेरीत सही करताना हात हलला, तर खिडकीपलीकडचा बाबू म्हणाला, "सकाळीच टाकली काय?" आमची वस्ती कुठली, हे अर्जावर लिहिलेलं होतंच. 'वरच्या' आडनावाचा हात थरथरला असता तर त्याने पाणी विचारलं असतं. वस्तीतल्यांचं निदान वेगळं: "बाहेरचं आहे, भगताकडे ने." गोळीचा विचार दोघांच्याही मनात आला नाही.

कार्बामाझेपिन मेंदूतल्या पेशींची अतिउत्तेजना रोखते. तिचा परिणाम डोळ्यांची हालचाल आणि तोल सांभाळणाऱ्या भागांवरही होतो. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि माझं दिसणं सुधारलं. लिथियमची गोष्ट वेगळी. तो एक क्षार. अंगातलं मीठ-पाणी घटलं की मूत्रपिंड तो नीट बाहेर टाकत नाही आणि तो रक्तात साचतो. मे महिन्यात रत्नागिरीच्या आंबाबागेत दिवसभर घाम गाळणाऱ्याला किंवा जुलाब लागलेल्याला हा धोका जास्त. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकसुद्धा पातळी वाढवते. मग थरथर वाढते, जीभ जड होते, झोकांड्या जातात. ही दारू नव्हे, विषबाधा. तेव्हा लगेच दवाखाना गाठायचा. एरवी मात्र मनाने गोळी बंद करायची नाही, आजार उलटतो.

यातलं काहीही मला सुरुवातीला सांगितलं गेलं नव्हतं. खासगी दवाखान्यातली इंग्रजी चिठ्ठी आणि "घेत राहा", एवढंच. रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, म्हणजे या जिल्ह्याला हा आजार नवा नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २२ स्पष्ट सांगतं की उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम रुग्णाला समजेल अशा भाषेत कळले पाहिजेत. हा हक्क आहे, उपकार नाही.

आता चिठ्ठी हातात आली तरी मी खुर्चीवरून उठत नाही. डोळ्यांना काय होईल, रक्त कधी तपासायचं, सगळं मराठीत विचारतो. मागच्या वेळी डॉक्टर वैतागले, पण सांगितलं. लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी दिलेल्या रक्तात मोजतात. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलं तर आकडा चुकतो, हेही असंच विचारून कळलं.