सिएनाची दोरी

2018 च्या मे महिन्यात पुतण्याकडे इटलीला जाण्याचा योग आला. मुक्काम फ्लॉरेन्सला. तिथून एका सकाळी बसने सिएना गाठले. घोड्यांच्या शर्यतीसाठी प्रसिद्ध असलेला तिथला चौक मी भरभर ओलांडला. राज्यशास्त्राच्या मास्तराला ओढ होती ती समोरच्या नगरभवनाची.

चौदाव्या शतकात इथे नऊजणांचे मंडळ कारभार पाहत असे. दर दोन महिन्यांनी नऊजण बदलत. त्यांच्या बैठकीच्या दालनात आंब्रोजो लोरेंझेत्तीने 1338-39 मध्ये भिंतींवर चांगले आणि वाईट राज्य रंगवले. हे भलेमोठे चित्र वाचायचे ते एका दोरीच्या आधाराने.

न्यायदेवतेच्या तराजूच्या दोन पारड्यांकडून दोन दोऱ्या खाली येतात. खाली बसलेली एकोप्याची देवता त्या एकत्र करून पहिल्या नागरिकाच्या हाती देते. मग चोवीस नागरिक ती हातोहात पुढे नेतात. शेवटी ती एका भव्य, दाढीवाल्या वृद्धाच्या राजदंड धरलेल्या हाताशी बांधलेली दिसते. हा वृद्ध म्हणजे नगराचे सामाईक हित. गंमत पाहा, नागरिकांनी दोरी नुसती धरली आहे. बांधला आहे तो सत्ताधीश! एकोप्याच्या मांडीवर चक्क सुताराचा रंधा आहे, उंचसखलपणा तासून काढणारा.

बाजूची भिंत बरीच खराब झाली आहे. तिथे शिंगे असलेल्या जुलमाच्या पायाशी न्यायदेवता दोरीने जखडलेली आहे. जवळच 'फूट' नावाची बाई करवतीने स्वतःलाच कापते आहे. तिच्या वस्त्रावर एकीकडे 'होय', दुसरीकडे 'नाही' अशी अक्षरे आहेत. दोरी इथेही आहे, पण हातात नाही, अंगाभोवती आहे.

त्या बाईसमोर मी जरा जास्तच वेळ थांबलो. गावातल्या एका पाटीच्या भाषेवरून माझा नि एका कन्नड सहकाऱ्याचा अबोला सहा महिने चालला होता. तेही 'होय', मीही 'नाही'. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ दोघांतही होता.

परतल्यावर चित्राचे एक कार्ड न बोलता त्यांच्या टेबलावर ठेवले. मधल्या सुट्टीत ते कार्ड घेऊन आले आणि त्या चोवीसजणांवर बोट ठेवून म्हणाले, "सर, ही दोरी सुरू कुठून होते?"

मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.