माझी गवताची सायकल

आमच्या गोठ्यात आज्जाची जुनी सायकल पडून होती. पूर्वी आज्जा तिच्यावरून डेअरीला दूध घालायचा. आता तिला पुढचे चाक नव्हते, सीट नव्हते आणि चेन गंजून काठीसारखी ताठ झाली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आबा म्हणाले, "भंगारवाला आला की देऊन टाका." मी आज्जाला म्हणाले, "मला दे की." आज्जा म्हणाला, "घे. पण तुझी तू जोड. मी खाटेवरनं सांगतो."

पुढचे चाक मामाच्या गावाहून आणले. ते लहान मुलांच्या सायकलचे, १६ इंची. मागचे २८ इंची. मला वाटले, सायकल पुढून १२ इंच खाली जाईल. पट्टीने मोजले तर ६ च इंच गेली. आज्जा म्हणाला, "आगं, आस चाकाच्या मधी असतो. मग निम्माच फरक पडणार." तरी ती चरणाऱ्या म्हशीसारखी दिसते.

चेन रात्रभर डिझेलमध्ये भिजत घातली. सकाळी एकेक कडी हलवली तेव्हा सुटली. दोन कड्या मोडक्या होत्या, त्या काढल्या. चेन आखूड झाली, म्हणून मागचे चाक जरा पुढे सरकवले.

पुढच्या चक्रीला ४८ दात आणि मागच्या फ्रीला १८. मी भागाकार केला. २ आले, बाकी १२. बाकीचे काय होते ते कळेना. मग सायकल उलटी उभी केली, टायरवर खडूची खूण केली आणि हाताने पायडल फिरवले. हळू फिरवायचे, नाहीतर चाक एकटेच पुढे पळते. पायडलच्या ३ फेऱ्यांत चाक बरोबर ८ वेळा फिरले. बाकी काहीच उरली नाही!

मागची ट्यूब फाटून गेली होती. आज्जा म्हणाला, "टायरमधी वाळलं गवत ठासून भर." एक अख्खी दुपार गेली, बोटे सोलली. टायरला एक चीर आहे, तिथून आमची शेळी गवत ओढून खाते. मग परत भरावे लागते.

सीटच्या जागी फळी बसवायची होती. त्याला दोन बोल्ट पाहिजे होते. आबांच्या कोळप्याचे बोल्ट बरोबर बसले. मी कुणाला विचारले नाही.

आषाढात कोळपणी आली. आबांनी कोळपे जुंपले तर फास लटलट हलायला लागली. त्यांनी सगळा गोठा धुंडाळला. "कुणी बोल्ट बघितलं का रं?" मी गप्प बसले. शेजारचे कोळपे दुपारनंतर मिळाले. निम्मे रान झाले आणि पाऊस आला. मग चार दिवस वाफसाच नाही. तोवर भुईमुगात गवत माजले. आईला तीन दिवस वाकून खुरपावे लागले.

मीपण आईबरोबर खुरपायला गेले. तिथे तिला सांगून टाकले. आई म्हणाली, "आबांस्नी तूच सांग." रात्री सांगितले. आबा रागावले नाहीत. उठले, पाना घेतला, फळीचे दोन्ही बोल्ट काढले आणि कोळप्याला लावले. मग हात धुऊन जेवायला बसले. ते ओरडले असते तर मला बरे वाटले असते.

आता फळी सुतळीने बांधली आहे. ती दर दोन दिवसांनी सैल होते. पुढचे चाक लहान असल्यामुळे वळताना पायडल जमिनीला घासते, म्हणून मोठे वळण घ्यावे. ब्रेक नाही. चप्पल मागच्या टायरवर दाबायची. ज्याला बसायचे असेल त्याने शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्या गोठ्यापाशी यावे. शेळी मी आधी बांधून ठेवते.