पऱ्हे किती दिवसांचे?

आखाड लागला की भंडाऱ्यातल्या आमच्या कॉलेजात मागचे बाक ओस पडायचे. निम्मा वर्ग रोवण्याला, म्हणजे धानाची रोपं, आमचे पऱ्हे, बांधीत लावायला गेलेला असायचा. आठवड्याभराने, नखांत चिखल घेऊनच, आम्ही परतायचो. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम गैरहजेरीचं कारण कधी विचारत नसत. त्या विचारायच्या, "पऱ्हे किती दिवसांचे होते? उपटताना मुळं तुटली का?" आम्ही सांगत जायचो आणि त्या फळ्यावर मूळ काढत जायच्या. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कमरेत वाकून आपण जे करून आलो, त्यालाही शास्त्र आहे, हे मला तेव्हा कळलं.

कला आणि विज्ञान एकाच छताखाली असण्याचं सुख मोठं होतं. रसायनशास्त्राचे सर तांबं आणि जस्त शिकवताना भंडाऱ्याच्या पितळेवर यायचे. घरी आल्यावर आजीचा पाण्याचा पितळी गुंड मी नव्याने न्याहाळायचो. भूगोलाचे सर मालगुजारी तलावांचे उतार समजावायचे, तर ते बांधणाऱ्या कोहळी समाजाची गोष्ट इतिहासाचे सर पुढच्या तासाला सांगायचे. मराठीच्या सरांना लहान तळ्यासाठीचा आमचा 'बोडी' हा शब्द निबंधात आलेला फार आवडायचा. पाणी तेच, प्रत्येकाने ते आपापल्या ओंजळीत धरलेलं.

इतिहासाच्या सरांनीच आम्हाला वैनगंगेकाठच्या पवनीला नेलं. तिथे सापडलेला भगदत्त राजाचा शिलालेख संशोधक वा. वि. मिराशींनी वाचला. पुढे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केलं. विद्यापीठातले प्राध्यापक शां. भा. देव आणि सर्वेक्षणाचे ज. प. जोशी यांनी ते काम पाहिलं. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप निघाला. पिढ्यान् पिढ्या लोक जिला नुसती टेकडी म्हणत आले, तिच्यात दोन हजार वर्षं झाकलेली होती. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली. सर म्हणाले, "ज्यानं एक दगड दिला, त्याचंही नाव राहिलं बघा."

टेकडीवरून वैनगंगेकडे बघताना माझ्या मनात आलं, आपल्या या सरांनी, मॅडमनी किती दगड दिले असतील! त्यांची नावं कोरलेला कठडा कुठेच नाही. दरवर्षी नवी पोरं येतात, जुनी जातात. फळा पुसला जातो.

आता आखाडात एस. टी. बांधीच्या कडेने जाते तेव्हा मी खिडकीतून पऱ्ह्यांचा हिरवा रंग निरखतो, आणि शेजारी बसलेल्या एखाद्या शेतकऱ्याला नकळत विचारतो, "भाऊ, पऱ्हे किती दिवसांचे?"

तो सांगू लागतो. मी विद्यार्थी होऊन ऐकतो.