एक मॉप कमी

सात रस्त्याजवळच्या आमच्या ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, पेशंट टेबलावर आला, की 'उजवा पाय ना?' असं मी विचारत नाही. डॉक्टरांच्या टोपीपुढं माणूस सगळ्याला 'हो'च म्हणतो. त्यात सोलापूर, कुणी तेलुगू बोलणारा, कुणी कानडी. पायाला दोन्हीकडं 'कालु'च म्हणतात, तेवढं बरं आहे. 'ए कालु?' नाहीतर 'याव कालु?' विचारायचं आणि त्यानं स्वतः हात लावून दाखवेपर्यंत गप्प राहायचं. मग केसपेपर, एक्स-रे, पेनाची खूण.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची यादी काढली. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी थांबायचं. ते काम अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली झालं. वाढले अमेरिकेत, पण वडील आपल्या उमरखेडकडचे. दिल्लीसह आठ शहरांत यादी वापरून पाहिली, तर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. आमच्याकडं मात्र ती बराच काळ फाइलपुरती होती. केस संपल्यावर चहा पिता पिता मीही टिका मारल्यात.

चिऱ्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, हे कलम वाचून आम्ही हसलो होतो. इतकी वर्षं एकत्र, आता ओळख कसली! पण मावशींचं नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सर्जनना विचारा, ते म्हणतील, 'आमची ओटी सेफ आहे, कुणाची काही तक्रार नाही.' सिस्टरांना विचारा, तक्रार का नसते ते.

आधीच्या एका हॉस्पिटलात, रात्री पोटाची केस होती. रक्त टिपायच्या कापडी घड्यांपैकी, म्हणजे मॉपांपैकी, एक कमी भरला.

"सर, काउंट जुळत नाही."

"परत मोजा सिस्टर, लवकर."

परत एक कमीच. सरांनी टाके घ्यायला सुई मागितली आणि मी दिली. तिसऱ्यांदा बोलायला जीभ उचलली नाही. भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "काउंट जुळल्याशिवाय मी पेशंट उठवणार नाही." मॉप आतड्यांमागं सापडला. दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "बोललात ते बरं केलंत." मी मान डोलावली. खरं सांगायला हवं होतं.

आता आमच्याकडं सगळ्यात नवी मुलगी मोठ्यानं मोजते. तिच्या तोंडून 'काउंट बरोबर' आल्याशिवाय मी सुई देत नाही, समोर कोणीही असो.

तुमच्या घरच्या कुणाचं ऑपरेशन असेल, तर चौथ्यांदा नाव विचारलं म्हणून वैतागू नका. पूर्ण नाव सांगा, आणि पाय हात लावून दाखवा.