विषय ठरण्याआधी

प्रिय ताई,


तृतीय वर्षाचे इतिहासाचे प्रकल्प यंदा तुझ्याकडे आलेत, असं परवा फोनवर म्हणालीस. ग्रंथपाल म्हणून तुला एक आग्रहाची विनंती करतो: विषयांची यादी वर्गात देण्याआधी ती तुमच्या ग्रंथपालांना दाखव.

आमच्याकडे मुलं येतात ती यादी लागल्यावर. ‘सर, ७२च्या दुष्काळावर पुस्तक आहे का?’ पुस्तक एक आणि मागणारा अख्खा वर्ग. ज्यांना ते मिळत नाही ती मोबाइलवरून चार पानं उतरवतात. यात मुलांना काय बोलणार? विषय देणाऱ्याला कपाटात काय आहे ते ठाऊक नसतं, आणि मुलांनी नेमकं काय शोधायचंय ते आम्हाला कुणी सांगितलेलं नसतं.

गेल्या वर्षी आमच्या इतिहासाच्या मॅडम सुट्टीतच यादी घेऊन आल्या. मी जिल्ह्याचं गॅझेटिअर आणि १९७१च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका टेबलावर मांडली. पुस्तिकेत गावोगावची माहिती आहे: ओलिताखाली जमीन किती, प्यायचं पाणी कुठलं. ते पाहून मॅडमनी प्रश्नच बदलला. दुष्काळाआधी तुमच्या गावात पाण्याची स्थिती काय होती, आणि दुष्काळी कामांवर कोण गेलं होतं? प्रत्येकाचं गाव निराळं, त्यामुळे आयतं उत्तर कुठेच मिळेना. एका मुलीने आपल्या गावाचे आकडे आणि खडी फोडायला गेलेल्या आजीची हकिगत शेजारी शेजारी मांडली. असा प्रकल्प वाचताना तुलाही शिकवल्याचं समाधान मिळेल.

अमेरिकेतल्या अर्लहॅम कॉलेजचे ग्रंथपाल इव्हान फार्बर यांनी १९६०च्या दशकापासून हाच आग्रह धरला. ग्रंथालय वापरायला शिकवायचं ते प्राध्यापकांनी दिलेल्या कामाला जोडूनच. मला हे पुरेपूर पटतं. वर्षाच्या सुरुवातीला आम्ही करून दिलेली ग्रंथालयाची ओळख मुलं आठवड्यात विसरतात. हातात काम असलं की तीच मुलं कान देऊन ऐकतात.

आणखी एक कर. वीसपैकी पाच गुण संदर्भांना ठेव आणि संदर्भांचं पान ग्रंथपालांना तपासू दे. मग कुठली पुस्तकं कमी पडली तेही कळेल आणि मार्चअखेरची खरेदी घाईत केलेल्या यादीवर होणार नाही. त्यांना ‘पुस्तकं द्या’ एवढंच म्हणू नकोस; ‘हा विषय मुलांना झेपेल का, सामग्री आहे का’ असं विचार. सेमिस्टर सुरू व्हायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात एक दुपार काढ.

तुझा,
धाकटा भाऊ