लाल शाई आणि कंपायलर

कंपायलरला दयामाया नसते. एक सेमीकोलन राहिला की चाळीस एरर्स तोंडावर फेकतो. पण आपण काय करतो? पहिली एरर बघतो, ती सुधारतो आणि परत कंपाइल करतो. बाकीच्या बऱ्याचशा आपोआप गायब! हे शहाणपण इंग्रजीच्या तासाला कुठे जातं कोण जाणे. तिथे प्रत्येक चुकीभोवती लाल गोल.

दर शनिवारी मी मराठी माध्यमातल्या नववी-दहावीच्या काही मुलांना इंग्रजी बोलायला शिकवतो. त्यांच्या बऱ्याच चुका सरळ मराठीतून येतात. 'व्हेअर ही इज गोइंग?' का? तर 'तो कुठे चाललाय?' आणि 'तो कुठे चाललाय ते सांग' यात आपला शब्दक्रम बदलतच नाही. 'अ' आणि 'द' गळतात, कारण मराठीत ती भानगडच नाही. म्हणजे पोरगं निष्काळजी नाहीये, त्याच्या डोक्यात एक नियम आहे, फक्त तो इंग्रजीचा नाही.

पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९६७ सालीच हा फरक मांडला होता. एक म्हणजे नुसतं घसरणं, जे बोलणाऱ्याला स्वतःलाच कळतं. दुसरी म्हणजे नियमातली चूक, जी पुन्हा पुन्हा होते. आपल्या भाषेत, टायपो वेगळा आणि लॉजिकमधला बग वेगळा.

बरं, सुधारायचं कसं? कॅनडात इंग्रजी मुलांना फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांचा लिस्टर आणि रांटा यांनी अभ्यास केला, तो १९९७ मध्ये छापून आला. शिक्षक निम्म्याहून जास्त वेळा मुलाचं वाक्य फक्त बरोबर करून म्हणून दाखवत. गंमत म्हणजे त्यालाच मुलांचा प्रतिसाद सगळ्यात कमी होता, जेमतेम ३१ टक्के. अर्धं वाक्य सोडून 'पुढे काय?' असं विचारलं, की मुलं प्रत्येक वेळी काहीतरी प्रयत्न करत.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. 'येस सर', 'नो सर', 'फाइन सर'. चुका शून्य! कोडच लिहिला नाही तर बग कुठून येणार? :) पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. ऑफिसात मी इंटरव्ह्यू घेतो, तेव्हा असेच मोठे झालेले लोक समोर बसतात. लॉजिक पक्कं, पण प्रत्येक वाक्यापूर्वी मनातल्या मनात व्याकरण तपासतात आणि तेवढ्यात प्रश्न निघून जातो. नोकरीही.

म्हणून वर्गात मी कुणाला मध्येच तोडत नाही. चुका वहीत टिपून ठेवतो. शेवटच्या दहा मिनिटांत त्यातली तीन वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहितो आणि दुरुस्ती मुलांनीच करायची. तीनच. बाकीच्या पुढच्या शनिवारी.

गेल्या आठवड्यात 'फाइन सर'ने त्याच्या गावच्या जत्रेबद्दल सलग सहा वाक्यं सांगितली. त्यात सात चुका होत्या. पैकी एकच फळ्यावर घेतली, आणि ती सुधारायला तोच उठला.