सिद्धेश्वरच्या जलाशयावर

मराठवाड्यातील वैशाख म्हटला की भेगाळलेली काळी जमीन आणि कोरडे ओढे डोळ्यांपुढे येतात. परंतु हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथास जाणाऱ्या यात्रेकरूंनी वाट थोडी वाकडी केली, तर याच दिवसांत डोळे निवविणारे पाणी पाहावयास मिळते. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाचा तो जलाशय होय. गेल्या वैशाखात आम्ही सहकुटुंब, मुले, सुना व नातवंडांसह, ज्योतिर्लिंगाचे दर्शन पहाटेच आटोपून तेथे गेलो आणि सबंध दिवस काठावर घालविला.

सहा किलोमीटरांहून अधिक लांबीचे हे धरण 1968 साली पुरे झाले. वरच्या अंगास, परभणी जिल्ह्यात, याच नदीवर येलदरीचे मोठे धरण आहे. तेथील पाणी वीज उत्पन्न करून खाली सिद्धेश्वरात उतरते आणि येथून कालव्यांवाटे वसमत, परभणीकडील शेतांस जाते. वडील भावाने साठवावे व धाकट्याने वाटावे, अशी ही एकत्र कुटुंबाची रीत आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा भोई मंडळी थर्माकोलच्या तराफ्यांवर बसून रात्री लावलेली जाळी ओढीत होती. रोहू, कटला, मृगळ असे रुपेरी मासे उन्हात लखलखत होते. मासळी आमच्या घरी शिजत नाही. तथापि कष्टाचे कौशल्य पाहण्यास आडकाठी कसली? एका वृद्ध भोयाने नातवंडांस जवळ बोलावले व आपल्या नातवाचा गळ आमच्या धाकट्या नातवाच्या हाती दिला. तासाभराने बोटाएवढी एक मासोळी गळास लागली. "सोड बाळा तिला, अजून लेकरू आहे," असे म्हणून म्हाताऱ्याने स्वतःच ती अलगद पाण्यात सोडली. जाळे विणतानाही छिद्रे रुंद ठेवतात, म्हणजे लहान मासे निसटून जातात, असे त्याने सांगितले.

दुपारी लिंबाच्या सावलीत धपाटे, दही व कैरीचे पन्हे झाले. तेव्हा थोरल्या नातवाने विचारले, "आजोबा, उन्हाळ्यात धरणात मृत साठाच उरतो, असे वर्तमानपत्रात येते. पाणी मेलेले, मग मासे जिवंत कसे?"

प्रश्न मार्मिक होता. कालव्याच्या दाराच्या पातळीखालील पाणी आपोआप बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून हिशेबनीस त्यास मृत म्हणतात. सिद्धेश्वराच्या पोटात सुमारे 251 दशलक्ष घनमीटर पाणी मावते. पैकी जिवंत म्हणविणारे केवळ 81. उरलेले 170 'मृत'! परंतु कालवे आटल्यावरही मासे, पाणपक्षी आणि काठावरची गुरे याच मृत म्हणविलेल्या पाण्यावर तग धरतात.

त्यातील मासेही आपोआप उपजत नाहीत. हे मासे पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पुरात अंडी घालतात, साचल्या पाण्यात सहसा घालीत नाहीत. म्हणून पूर्वी नदीतून बीज वेचून आणावे लागे. 10 जुलै 1957 रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांस पोषग्रंथीच्या अर्काची सुई टोचून कोंडलेल्या पाण्यातही प्रजनन साधले. हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आता हौदात जिऱ्याएवढी पिले उपजतात, लहान तळ्यात वाढून बोटुकली होतात, आणि मग मोठ्या जलाशयात सोडतात. शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत आलेला मासा घटातून खड्ड्यात आणि खड्ड्यातून समुद्रात गेला, तोच हा क्रम! त्या कथेत वाचविलेल्या माशानेच पुढे प्रलयात मनूची नौका तारली, हे मुलांस सांगताच ती हरखून गेली.

उन्हाळ्यात पाणी आकसते, मासे दाटीने राहतात आणि बारीक जाळ्यात लेकुरवाळे तळेच्या तळे उपसून काढणे सोपे होते. तो मोह आवरतो, त्याच्याच घरी पुढच्या वर्षीही चूल पेटते. आमच्या घरोघरच्या माउल्या कणगीच्या तळाशी बियाण्याचे धान्य राखतात. पाहुणे आले तरी त्यास हात लावीत नाहीत. हिशेबाच्या दृष्टीने तेही मृतच. पण मृगाचा पाऊस पडला की सारे शेत त्यातूनच उगवते.

सूर्य कलला तेव्हा तराफे पुन्हा जाळी घेऊन पाण्यात शिरले. ज्यांस औंढ्यास जाण्याचा योग येईल त्यांनी मुलाबाळांस हा जलाशय अवश्य दाखवावा. आणि शक्य तो वैशाखातच दाखवावा.